मोजणीच्या दिवशीची अकरा मुलं

१

मोजणीच्या दिवशी शाळेतली अकरा मुलं एका तासिकेपुरती नाहीशी झाली, आणि जेवणाच्या सुट्टीत, काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने, नळावर हात धुताना सापडली.

एरवी हे कुणी मनावर घेतलं नसतं. नववीतली मुलं तासाला नसणं ही काही वर्दी देण्यासारखी गोष्ट नव्हे. पण त्या दिवशी खात्याचा मोजणी अधिकारी आला होता. वर्षातून एका ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासिकेला तो येतो, वर्गावर्गात शिरतो आणि डोकी मोजतो. हजेरीपट उघडूनही बघत नाही, कारण हजेरीपटावर मुलं कशी उगवतात हे खात्याला चांगलं ठाऊक आहे. त्या घटकेला वर्गात जे डोकं दिसेल तेच खरं. त्या आकड्यावरून शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं.

यंदा आकडा काठाच्या खाली गेला. फार नाही, सात-आठ डोक्यांनी. ती अकरा मुलं आपापल्या जागी असती तर शाळा काठावरून सुखरूप पार झाली असती. आता एक पद जाणार होतं, आणि नियम असा की शेवटी आलेला पहिला जातो. शेवटी आल्या होत्या नवागतांच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या मुलांना भाषा शिकवणाऱ्या, बाई.

शाळेचं फाटक मोजणी चालू असताना कुलूपबंद होतं. फाटकावरचा माणूस आपल्या लेकरांची शपथ घेऊन सांगत होता की आतून माशीसुद्धा बाहेर गेली नाही. म्हणजे अकरा मुलं शाळेतच होती, आणि शाळेतला प्रत्येक वर्ग मोजला तेव्हा एकाही वर्गात नव्हती.

मुख्याध्यापिकेने खात्याला कळवलं की हा घातपात आहे. खात्याने चौकशीबाईला पाठवलं.

२

चौकशीबाई ही पन्नाशीची, सपाट चपलांची आणि फारसं न हसणारी बाई होती. शाळांमधल्या भानगडी निस्तरण्यात तिची नोकरी गेली होती, त्यामुळे शिक्षकांबद्दल तिला ना आदर उरला होता ना राग. चौकशी संपेपर्यंत ती कुणाकडचा चहा घेत नसे. चहा घेतला की माणूस पाहुणा होतो आणि पाहुण्याला खरं कुणी सांगत नाही, असं तिचं म्हणणं.

"एका काळी या इमारतीत दोन पाळ्या भरायच्या," मुख्याध्यापिका तिला जिना चढवत म्हणाली. "गिरणी होती तोवर. गिरणी बंद झाली, तरुण घरं निघून गेली, मागे राहिली म्हातारी माणसं. म्हातारे काही नववीत बसत नाहीत."

दुसऱ्या मजल्यावर पाच खोल्या ओळीने बंद होत्या. किल्ल्या तिथेच भिंतीवरच्या खिळ्याला लटकत होत्या. चौकशीबाईने एक दार उघडून पाहिलं. आत बाकांवर बाकं रचलेली होती आणि धुळीवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. पाचही खोल्यांत तेच.

"आता वळणरस्त्याला गोदामं झालीत," मुख्याध्यापिका म्हणाली. "तिथे कामाला बाहेरून माणसं आली, त्यांची मुलं आमच्याकडे येतात. त्यांना इथली भाषा धड येत नाही. त्यांच्यासाठीच ते पद मिळालं होतं. ती अकरा मुलं त्यांच्यातलीच. सगळी याच मजल्यावरच्या नववीतली."

"ती तासिका कुणाची होती?"

"गणिताची. म्हणजे आमच्या उपमुख्याध्यापकांची. पण ते त्या दिवशी रजेवर होते. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, परगावी. रजा महिनाभर आधी मंजूर झाली होती. त्यांच्या जागी ग्रंथपाल बसली होती."

"आणि तिने मुलांना सोडलं?"

"ती मुलं तासातून उठून बाईंकडे भाषेला जातात. रोजचंच आहे. अर्ध्या तासिकेचा ठोका पडला, मुलं उठली, 'बाईंकडे' म्हणाली, गेली. तिला त्यात वावगं काय वाटणार?"

अर्ध्या तासिकेला घंटेवर एक ठोका देणं ही या शाळेची खास रीत होती. उपमुख्याध्यापकांनी ती सुरू केली होती. या गृहस्थांना अख्खी शाळा वेळापत्रक सर म्हणे, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना ते आवडत असे.

"मोजणी अधिकारी नेहमीचेच होते?"

"नाही, यंदा नवा मुलगा आला. आधीचे साहेब निवृत्त झाले. भले गृहस्थ होते. आले की तडक वरच्या मजल्यावर जायचे, धापा टाकत पेलाभर पाणी प्यायचे, आणि मग उतरत उतरत मोजायचे. हा पोरगा चहालासुद्धा थांबला नाही."

चौकशीबाईने मान हलवली. मग ती म्हणाली, "मुलं बाईंकडे गेली म्हणता. मग बाईंकडे का नव्हती?"

मुख्याध्यापिकेने आवाज खाली आणला. "कारण बाई म्हणतात, त्यांनी बोलावलंच नव्हतं."

३

नवागतांच्या बाईंचा वर्ग तळमजल्यावर, पूर्वीच्या क्रीडासाहित्याच्या खोलीत भरत असे. खोलीला अजून चामड्याचा आणि घामाचा वास होता. बाई तिशीच्या होत्या, बारीक आणि जागरणाने डोळे ओढलेल्या.

"त्या दिवशी पहिल्या तासापासून माझ्याकडे सातवीची मुलं होती," त्या म्हणाल्या. "साहेब आले, मोजून गेले. नववीची वेळ दुपारची असते. सकाळी मी त्यांना कशाला बोलावू?"

"शिक्षकखोलीत म्हणतात, तुम्ही एका खासगी शाळेत अर्ज केलाय."

"केला होता, गेल्या वर्षी. पगार जास्त होता. मग नाही गेले. मॅडम, आई अंथरुणाला खिळलेली आहे. बदली लांबच्या शाळेत होणार हे कळल्यापासून ताई रोज रडतेय, आईला एकटीने कसं उचलू म्हणून. मला नोकरी सोडायची असती तर साधा राजीनामा दिला असता. एवढं नाटक कशाला?"

"बरोबर आहे."

"आदल्या दिवशी संध्याकाळी मी गोदामांमागच्या सगळ्या खोल्या फिरले. तापाची साथ होती ना. एकेका आईला सांगितलं, उद्या कसंही करून पाठवा, ताप असेल तर गोळी देऊन पाठवा, मी बघते. सगळी आली होती. एकूण एक. सकाळी मी फाटकाशी उभी राहून पाहिली." आता मात्र त्यांचा आवाज चढला. "मी जाईन कुठेही. पण या मुलांना 'पोट दुखतंय' एवढं सांगायचं असेल तर ते कळणारा माणूस इथे दुसरा नाही. हे कुणी केलं ते मला कळलं ना, तर मी त्याला उभा जाळीन!"

चौकशीबाईने मुलांशी बोलायचं ठरवलं. अकराच्या अकरा आली, भिंतीला टेकून उभी राहिली आणि अकराच्या अकरा गप्प बसली. भाषेचा प्रश्न नव्हता. प्रश्न त्यांना कळत होता. ओठ मिटून घेण्याची त्यांची पद्धत सारखीच होती, आणि अशी सारखी गप्प बसणारी मुलं कुणालातरी दिलेला शब्द पाळत असतात, हे चौकशीबाई अनुभवाने ओळखून होती.

जाताना सगळ्यांत उंच मुलगी दाराशी रेंगाळली. घट्ट वेणी, मनगटावर भाजल्याचा जुना डाग. ती शब्द जुळवत म्हणाली, "बाई राहणार. हो ना?"

चौकशीबाई तिच्याकडे पाहत राहिली. पद गेल्याचं या मुलांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटत होतं, आपण बाईंना वाचवलंय.

४

क्रीडाशिक्षकाला बाईंवर राग होता, हे शोधायला चौकशी लागत नव्हती. तो स्वतःच सांगत सुटला.

"माझी खोली घेतली! जाळी, चेंडू, भाले, सगळं आता जिन्याखाली. मुलं भाल्याला अडखळून पडतात. बाई गेल्या तर खोली परत मिळेल, हे मी शिक्षकखोलीत बोललोय, नाही म्हणत नाही. पण खोलीसाठी मुलं पळवायला मला काय वेड लागलंय?"

"त्या तासिकेला तुम्ही कुठे होतात?"

"चित्रकलेच्या दालनात. चित्रकलेचे सर निवृत्त झाल्याला दोन वर्षं झाली, ते पद काही भरलं नाही. तेव्हापासून तो तास बदलीवर चालतो. ज्याचा हात रिकामा त्याच्या गळ्यात घंटा. त्या दिवशी माझ्या."

"दाखवा ते दालन."

दालन तळमजल्याच्या टोकाला, मागच्या जिन्याच्या पायथ्याशी होतं. बाकं नव्हती, लांबच लांब टेबलं आणि भोवती स्टुलं. खिडकीखाली ताणलेल्या दोरीला चिमट्यांनी चित्रं लावलेली होती. प्रत्येक चित्रात एक फुटबॉल.

"त्या दिवशीची?"

"हो. मला चित्रकलेतलं काय कळतंय? टेबलावर चेंडू ठेवला, म्हटलं काढा. गोल असतो, सोपा असतो."

चौकशीबाई दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. बहुतेक चेंडू रंगवून, सावली देऊन पूर्ण झालेले होते. शेवटचे काही नुसते रेषांचे, कुठे अर्धाच काळा केलेला. तिने ते पुन्हा मोजले.

"दालनात कुठला वर्ग होता?"

"सहावी."

"सहावीत जेवढी मुलं आहेत, त्यापेक्षा इथे अकरा चेंडू जास्त आहेत."

क्रीडाशिक्षकाने दोरीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि मोठ्या माणसाला शोभणार नाही इतका लाल झाला.

"आली होती," तो शेवटी म्हणाला. "ठोका पडल्यानंतर. मागच्या जिन्याने. म्हणाली, इथे बसायला सांगितलंय. मी म्हटलं, बसा बाबांनो, कागद घ्या. कोण कुठल्या वर्गाचं, मला काय माहीत? ती मुलं मला ओळखू येत नाहीत. रोज कुठून तरी उठतात आणि कुठेतरी जाऊन बसतात."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"खोलीचं भांडण सगळ्या शाळेला माहीत होतं. म्हटलं असतं की मुलं माझ्याकडे होती, तर मग झालंच! करून गेला कोण आणि फासावर लटकलो मी."

"मोजणी अधिकारी दालनात कधी आला?"

"तास सुरू झाला तसा लगेच. त्याने पहिला वर्ग मोजला तो हाच. ही मुलं आली तोवर तो पहिल्या मजल्यावर पोचला होता."

चौकशीबाई एका स्टुलावर बसली. ते नववीच्या मापाचं नव्हतं आणि तिच्या मापाचं तर नव्हतंच. बराच वेळ ती त्या अर्धवट चेंडूंकडे पाहत राहिली.

मग तिने विचारलं, "साहेब खालून सुरू झालेत, हे वरच्या वर्गांना कळलं होतं का?"

"न कळायला काय झालं? शिपाई वर धावत गेला ना, दर वर्षीसारखा. दारोदार सांगत सुटला, साहेब खाली आहेत, शर्ट खोचा, कचरा उचला. सगळ्या शाळेला कळलं होतं."

"बरं झालं," चौकशीबाई म्हणाली. "म्हणजे आता मला एकाच माणसाशी बोलायचं राहिलं."

५

वेळापत्रक सर आपल्या टेबलाशी बसून पुढच्या आठवड्याचे बदली तास लावत होते. स्वच्छ माणूस. कॉलरला घडी, खिशाला दोन पेनं, केस असे विंचरलेले की प्रत्येकाला आपली तासिका नेमून दिली असावी. निवृत्तीला चार महिने उरले होते.

"आईचे डोळे कसे आहेत?" चौकशीबाईने विचारलं.

"उत्तम. पट्टी निघाली आणि पहिलं वाक्य काय, तर तू किती म्हातारा दिसतोस!" ते मनापासून हसले. "विचारा. मी त्या दिवशी इथे नव्हतो, पण मदत करीन."

"तुमच्या वर्गाची मुलं होती ती. कुणी नेली असतील?"

"वाईट झालं. बाई गुणी आहेत. मी शाळेत आलो तेव्हा आम्ही आजच्या तिप्पट शिक्षक होतो. एकेक पद गळताना पाहिलंय मी. संगीत गेलं, शिवण गेलं, चित्रकला गेली. दर वर्षी मोजणी जवळ आली की झोप उडते." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "यंदा तर अगदी काठावर होतो. त्यात तापाची साथ. पाच-सात मुलं घरी राहिली असती तरी संपलं होतं."

"पण राहिली नाहीत. सगळी आली होती."

वेळापत्रक सरांचा हात कागदावर थांबला. "सगळी?"

"बाई आदल्या दिवशी घरोघर फिरल्या. तुमच्या कानावर आलं नाही?"

"नाही," ते म्हणाले. "मी दुपारच्याच गाडीने गेलो होतो."

हे म्हणताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. चेहरा मात्र नव्हता. चौकशीबाईने उठून खुर्ची जागेवर सारली आणि म्हणाली, "शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या दालनात या. बाकीच्यांनाही बोलावलंय."

६

दालनात चौघे जमले. मुख्याध्यापिका ताठ बसली होती. क्रीडाशिक्षक कोपऱ्यात उभा होता. बाई खिडकीशी, आणि वेळापत्रक सर टेबलाच्या टोकाला.

"नियम सगळ्यांना माहीत आहे," चौकशीबाई म्हणाली. "मोजणीत कुणी ढवळाढवळ केली असं ठरलं तर फेरमोजणी होते. त्यासाठी करणाऱ्याचं नाव हवं, आणि त्याची स्वतःची किंवा मुलांची कबुली हवी. नुसत्या तर्कावर खातं जिना चढत नाही. माझ्याकडे आत्ता फक्त तर्क आहे. तो ऐका.

"मुलं इथे बसली होती, याच टेबलांशी. आता मला सांगा, मोजणीतून मुलं लपवायची असतील तर तुम्ही ती कुठे लपवाल? वर पाच खोल्या बंद आहेत, किल्ल्या बाहेर टांगलेल्या. पण मुलांना नेऊन बसवलं कुठे, तर भरलेल्या वर्गात. पुढ्यात कागद, हातात पेन्सिल. मुलाला वर्गात बसवतात ते लपवायला नाही. मोजून घ्यायला."

"पण मोजणी तर झाली होती इथली," क्रीडाशिक्षक म्हणाला.

"झाली होती. कारण नवा अधिकारी खालून सुरू झाला. मी त्याला फोन करून विचारलं, खालून का? तर म्हणाला, इमारत खालून वर जाते ना? आधीचे साहेब मात्र वरून खाली यायचे, दर वर्षी. तेच यंदा आले असते तर काय झालं असतं? ठोका पडेपर्यंत वरची नववी मोजून झाली असती. मग अकरा मुलं मागच्या जिन्याने खाली आली असती, आणि साहेब उतरत उतरत इथे पोचल्यावर पुन्हा एकदा मोजली गेली असती."

मुख्याध्यापिकेने तोंडावर हात ठेवला. बाई खिडकीपासून दोन पावलं पुढे आल्या.

"ज्याने हे केलं त्याला आकडा खाली आणायचा नव्हता," चौकशीबाई म्हणाली. "वर न्यायचा होता. मुलं मोजलेल्या जागेतून न मोजलेल्या जागेत जायची होती. ती गेली न मोजलेल्यातून मोजलेल्यात, आणि दोन्हीकडून सुटली. एकदा जास्त मोजायची मुलं एकदाही मोजली गेली नाहीत."

"देवा," मुख्याध्यापिका म्हणाली. "कुणी पण?"

"शिपायाने दारोदार सांगितलं होतं, साहेब खाली आहेत. शाळेत हजर असलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाला कळलं होतं की यंदा क्रम उलटा आहे. त्यांच्यापैकी कुणाचा हा बेत असता तर त्याने धावत जाऊन मुलांना थांबवलं असतं. दोन मिनिटांचं काम होतं. कुणीही थांबवलं नाही, कारण बेत कुणाला माहीतच नव्हता. ज्याला माहीत होता तो थांबवू शकत नव्हता. मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं, ठोका पडला की उठायचं. त्यांनी ऐकलं. शिपाई काय ओरडतोय याच्याशी त्यांना काय करायचं होतं?"

चौकशीबाईने कुणाकडेही पाहिलं नाही. पाहायची गरजही उरली नव्हती.

"त्या दिवशी शाळेत नसलेला माणूस एकच होता. वर त्याच्या तासाला बदली, खाली या दालनात बदली, दोन्ही त्यानेच लावलेल्या. दोन्हीकडे असा माणूस, ज्याला मुलं मोजायची सवय नाही. स्वतः परगावी. संशय यायची सोयच ठेवली नाही."

वेळापत्रक सर म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण. दुसरं काय?"

"सर!" बाई म्हणाल्या. "तुम्ही?"

"मला वाटलं, निम्मी घरी राहतील. त्या लोकांचा काय भरवसा, असं वाटलं. थोडी वाढीव डोकी हाताशी असावीत."

"आणि मग माझीच मुलं का निवडलीत?"

आत्तापर्यंत चौकशीबाईला या माणसाबद्दल विशेष काही वाटलं नव्हतं. आता तिला वाटलं की याने खोटं बोलावं, निदान बाईंच्या समाधानासाठी.

"कारण ती साहेबांच्या लक्षात राहिली नसती," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा पाहिली तरी. आपल्याकडे ती कुणाच्याच लक्षात राहत नाहीत."

"माझ्या राहतात," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज कापला नाही. "अकराच्या अकरा. तुम्ही काही केलं नसतं ना सर, तर आकडा पुरला असता. मी आणली होती ती. सगळी."

७

मुख्याध्यापिका चौकशीबाईला व्हरांड्यात घेऊन गेली.

"चार महिने उरलेत त्यांचे. निवृत्तिवेतन जाईल. मॅडम, असं नाही का करता येणार, की फेरमोजणी व्हावी आणि नाव…"

"नाही."

"आधीच्या वर्षांचंही बाहेर निघेल."

"मला यंदाचं विचारायला पाठवलंय," चौकशीबाई म्हणाली. "आधीचं कुणी विचारलेलं नाही. मी आपण होऊन विचारणार नाही. एवढंच माझ्या हातात आहे."

तेवढ्यात वेळापत्रक सर बाहेर आले. कठड्याला धरून उभे राहिले.

"मी नाही म्हटलं तर?" त्यांनी विचारलं.

"तर आकडा कायम. मुलं बोलणार नाहीत. तुम्ही त्यांना सांगितलंय, गप्प राहाल तरच बाई राहतील. ती गप्प आहेत. त्यांना वाटतंय, बेत फत्ते झाला. महिनाअखेर बाई निघून जातील तेव्हाही ती गप्पच असतील, आणि आपलं काय चुकलं ते त्यांना जन्मभर कळणार नाही."

"बाई सांगतील त्यांना."

"बाईंनी शब्द घेतलेला नाही. तुम्ही घेतलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी नववीला गणित होतं. वेळापत्रक सर घंटेबरोबर वर्गात शिरले. चौकशीबाई दाराबाहेर, मुलांना दिसणार नाही अशी उभी राहिली. बाई तिच्या शेजारी होत्या. आत काय चाललंय ते दोघींना ऐकू येत होतं.

सरांनी हजेरी घेतली. मग फळ्याकडे वळले, खडू उचलला, पुन्हा ठेवला.

"मागच्या तीन रांगा, उभे राहा," ते म्हणाले. बाकांचा आवाज झाला. "मी तुम्हाला एक गोष्ट गुपित ठेवायला सांगितली होती. तुम्ही ठेवलीत. आता ठेवू नका. कुणी विचारलं तर सांगा, सरांनी पाठवलं. साहेबांना सांगा, मॅडमना सांगा, घरी सांगा."

ते हळू, सुटे सुटे शब्द वापरून पुन्हा बोलले. शब्द कळतात की नाही हे ते त्या मुलांच्या तोंडाकडे पाहून तपासत होते. हे त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

"मी चुकलो. तुम्ही खाली गेलात, म्हणून तुम्हाला कुणी मोजलं नाही. म्हणून बाईंची इथली नोकरी गेली. आता पुन्हा मोजायला येतील. तेव्हा इथे बसा. आपल्या जागेवर. हलू नका."

एका मुलाला अर्धंच समजलं असावं. त्याने शेजारच्याला विचारलं, शेजारच्याने त्यांच्या भाषेत सांगितलं, आणि कुजबूज एकदम थांबली. मग त्या उंच मुलीचा आवाज आला.

"बाई जाणार? आमच्यामुळे?"

बाईंनी दाराकडे धाव घेतली. चौकशीबाईने त्यांचा हात घट्ट धरून ठेवला.

आत वेळापत्रक सर बाकांच्या मधून चालत मागच्या रांगेपर्यंत गेले. इतकी वर्षं शिकवून ते फळ्यापासून एवढे लांब फारसे कधी गेले नव्हते.

"नाही," ते म्हणाले. "माझ्यामुळे जात होत्या. तुमच्यामुळे राहतील."